बेंझीनमधला डबल बॉण्ड नेमका असतो कुठे? (अकरावीच्या लेकीपुढे माझी विकेट)

मनवाची_आई

नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. मी स्वतः केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलंय पण त्याला पंचवीस वर्षं झाली आणि मधली सगळी वर्षं बँकेच्या काउंटरमागे गेली, त्यामुळे "आई तुला येतं ना" म्हटलं की पोटात गोळा येतो. परवा रात्री पावणेअकराला वही घेऊन आली. बेंझीनची दोन चित्रं, दोन षटकोन, पहिल्यात डबल बॉण्ड एकाआड एक, दुसऱ्यात उरलेल्या जागांवर, आणि मध्ये दोन टोकांचा बाण. प्रश्न असा की यातलं खरं बेंझीन कुठलं?

क्लासच्या सरांनी सांगितलंय दोन्ही खरी. बेंझीन म्हणे इतक्या जोरात एकातून दुसऱ्यात जातं की आपल्याला मधलं काहीतरी दिसतं, पंखा फिरताना पाती न दिसता थाळी दिसते तसं. मलाही कॉलेजात हेच सांगितल्याचं आठवतंय. पण ही म्हणते, आई, मग पंखा बंद केला तर? खूप खूप थंड केलं तर कधीतरी थांबेलच ना, मग कुठल्या चित्रात थांबेल?

मी म्हटलं झोप आता.

जाणकारांनी मदत करा. कृपया सोप्या भाषेत, हॅमिल्टोनियन वगैरे नको.

---

उकडीचा_मोदक

आमच्याकडे पंखा बंद करायला लागत नाही, लाइटच जाते. तेव्हा येऊन बघा कुठल्या चित्रात थांबतो ते.

(वाचतोय. मला पण हे कधी कळलं नव्हतं, पाठ करून पास झालो.)

---

खडूफळा

मनवाला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तिने विचारलेला प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे आणि उत्तर असं की पंखा मुळात फिरतच नाहीये. कितीही थंड करा, सहाच्या सहा कार्बन-कार्बन बॉण्ड सारखेच राहतात. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात हा धडा शिकवला आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही पंखाच सांगत होतो, त्यामुळे त्या सरांना फार बोलत नाही.

गंमत अशी की पंख्याची कल्पना खुद्द केकुलेची (जर्मन केमिस्ट) आहे. १८६५ साली त्याने बेंझीनची कडी मांडली. (सापाने स्वतःची शेपटी धरल्याचं स्वप्न पडलं ही गोष्ट त्याने पुढे १८९० साली बर्लिनच्या सत्कारात सांगितली, तोपर्यंत पंचवीस वर्षं उलटली होती, तेव्हा ती मीठ लावूनच घ्यावी.) पण कडी मांडल्यावर अडचण आली. शेजारशेजारच्या दोन कार्बनवर दोन गट लावले, समजा ऑर्थो-झायलीन, तर त्या दोघांमध्ये एकदा डबल बॉण्ड येईल आणि एकदा सिंगल, म्हणजे दोन वेगवेगळे पदार्थ मिळायला हवेत. मिळतो एकच. मग १८७२ साली केकुलेने पळवाट काढली की बॉण्ड सारखे जागा बदलत असतात म्हणून दोन पदार्थ वेगळे पकडता येत नाहीत. त्या काळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता, त्यामुळे त्याला माफ. पण आज क्लासमध्ये जे चाललंय ते १८७२ सालचं आहे.

आता मोजलेली गोष्ट. साधा कार्बन-कार्बन सिंगल बॉण्ड १.५४ अँगस्ट्रॉम लांब असतो, डबल १.३४. बेंझीनमध्ये मोजला तर सगळीकडे १.३९. कॅथलीन लॉन्सडेल या बाईंनी १९२९ साली हेक्झामेथिलबेंझीनच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून दाखवून दिलं की कडी सपाट आहे आणि सहा बाजू सारख्या आहेत. लांब-आखूड-लांब-आखूड असं काही नाही.

चष्मा घरात सापडत नाहीये, उरलेलं संध्याकाळी लिहितो.

---

अर्धवटराव

पण सर, १.३९ हे सरासरीही असू शकतं ना? पंखेवाले हेच म्हणतील की बदल इतका फास्ट आहे की क्ष-किरणांना सरासरी दिसली.

---

खडूफळा

चष्मा फ्रीजवर होता.

अर्धवटराव, शंका रास्त आहे, लांबीवरून एकट्याने निकाल लागत नाही. म्हणून ऊर्जेचा हिशोब बघायचा. सायक्लोहेक्झीनमध्ये एक डबल बॉण्ड असतो, त्यावर हायड्रोजन चढवला की साधारण १२० किलोज्यूल प्रति मोल उष्णता बाहेर पडते. बेंझीनमध्ये असे तीन डबल बॉण्ड खरोखर असते, मग ते जागेवर बसलेले असोत की उड्या मारणारे, तर ३६० च्या आसपास उष्णता निघायला हवी होती. निघते २०८. म्हणजे दीडशेच्या वर किलोज्यूल बेंझीनकडे आधीपासूनच नव्हते, ते तेवढ्या खालच्या पायरीवर बसलेलं आहे.

आता सांगा, दोन खोल्या एकाच मजल्यावर आहेत आणि तुम्ही या खोलीतून त्या खोलीत कितीही वेगाने येरझारा घातल्या, तर तुम्ही तळमजल्यावर पोचाल का? नाही ना. बेंझीन तळमजल्यावर आहे. म्हणजे ते त्या दोन्ही खोल्यांत नाहीच, त्याची खोलीच वेगळी आहे आणि ती आपल्या कागदावरच्या काड्यांनी काढता येत नाही.

---

मनवाची_आई

हे खोल्यांचं जाम आवडलं. तिला वाचून दाखवलं. लगेच पुढचा प्रश्न आला: काढता येत नाही तर दोन चित्रं काढतो कशाला?

---

अर्धवटराव

मी पण तेच म्हणणार होतो! जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिची चित्रं काढायची, वर त्यांच्यात बाण मारायचा, आणि पोरांना पाच मार्कांना विचारायचं. हे केमिस्ट्रीवाल्यांचं नेहमीचंच आहे.

---

जर्सीकर

अर्धवटराव, तुम्ही १९५१ साली मॉस्कोत असायला हवे होतात. तिथे मोठी परिषद भरवून रेझोनन्स थिअरीला (एकाच रेणूसाठी अशी दोन-तीन चित्रं मिळून धरायची, ती हीच पद्धत) अगदी याच मुद्द्यावर झोडपलं होतं, की अस्तित्वात नसलेल्या रचना धरून खऱ्या रेणूचं स्पष्टीकरण देणं हा भाववाद आहे, भौतिकवादात बसत नाही. ज्या सोव्हिएत केमिस्टांनी ही थिअरी उचलून धरली होती त्यांच्यावर जाहीर टीका झाली. बेंझीनला अर्थातच काही फरक पडला नाही.

मी असं समजावतो. पृथ्वी गोल, कागद सपाट. एका नकाशात आकार बरोबर येतात पण ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, दुसऱ्यात क्षेत्रफळ जमतं पण देश ओढल्यासारखे दिसतात. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघितले तर पृथ्वीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पण म्हणून पृथ्वी या नकाशातून त्या नकाशात उड्या मारते असं कुणी म्हणत नाही. आपला कागद असा आहे की एक रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन आणि ते दोनच अणूंच्या मध्ये. बेंझीनचे सहा पाय इलेक्ट्रॉन (डबल बॉण्डच्या दुसऱ्या रेघेतले) सहाही कार्बनवर पसरलेले. या पद्धतीत ते मावत नाहीत, म्हणून दोन नकाशे.

---

उकडीचा_मोदक

"सहा पाय इलेक्ट्रॉन" हे मी आधी सहा पायांचा इलेक्ट्रॉन असं वाचलं. हसून हसून पुरेवाट.

---

सासुरवाडी_एक्सप्रेस

आम्हाला कॉलेजात खेचराचं उदाहरण होतं. खेचर म्हणजे घोडा आणि गाढव यांचं मधलं, पण ते सोमवारी घोडा आणि मंगळवारी गाढव असं नसतं, कायम खेचरच.

---

खडूफळा

खेचर चालतं पण एक खोट आहे, घोडा आणि गाढव दोन्ही खरे प्राणी आहेत. इंग्रजी पुस्तकांत गेंड्याचं उदाहरण असतं. जुन्या काळच्या कुणा प्रवाशाने गेंडा पाहिला आणि घरी जाऊन सांगितलं की ड्रॅगन आणि एकशिंगी घोडा यांच्यामधलं काहीतरी होतं. म्हणजे सांगायला वापरलेले दोन्ही प्राणी काल्पनिक, आणि गेंडा मात्र खरा. हे जास्त नेमकं बसतं.

वर्गात मी अर्धनारीनटेश्वर सांगायचो. तो अर्धा तास शंकर आणि अर्धा तास पार्वती असा नसतो, मूर्ती एकच. पोरांच्या लक्षात राहायचं. एका वर्षी एकाने उत्तरपत्रिकेत षटकोनाच्या आत चंद्रकोर काढली होती. अर्धा मार्क दिला.

खरा घोळ नावात आहे. रेझोनन्स हा शब्द पाउलिंग या अमेरिकन केमिस्टने क्वांटम मेकॅनिक्सच्या गणितातून उचलला. तिथे तो ठीक होता, पण ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी थरथरतंय. आपण मराठीत संस्पंदन केलं, म्हणजे तर धडधडच आली. इंगोल्ड या ब्रिटिश केमिस्टने मेसोमेरिझम असा शब्द काढला होता, त्याचा अर्थ "मधली अवस्था" इतका साधा. तो टिकला असता तर अर्धे पंखे बंद झाले असते.

---

केमिस्ट्री_किडा

मी बारावीत आहे, नीटची परीक्षा देतोय. किटो-इनॉल हे पण रेझोनन्सच ना? तिथे पण डबल बॉण्ड इकडचा तिकडे जातो.

---

जर्सीकर

नाही रे. तिथे हायड्रोजन उठून दुसऱ्या अणूवर जाऊन बसतो. रेझोनन्समध्ये अणू जागेवरून हलता कामा नये, फक्त इलेक्ट्रॉन दाखवायचे. किटो आणि इनॉल हे दोन खरे पदार्थ आहेत, त्यांच्यात समतोल असतो, म्हणून मध्ये दोन उलटसुलट अर्धे बाण. अ‍ॅसिटाइलअ‍ॅसिटोनचा एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू तपासायची चाचणी, वेगळ्या जागेच्या हायड्रोजनला आलेखात वेगळा कळस म्हणजे पीक) काढलास तर दोन्हींचे पीक वेगवेगळे दिसतात, कुणाचं प्रमाण किती ते मोजता येतं. बेंझीनच्या दोन चित्रांचे वेगवेगळे पीक आजतागायत कुणालाही दिसले नाहीत.

आणि पंखेवाल्यांसाठी, खरोखर पंखा असलेला रेणूसुद्धा आहे! सायक्लोब्युटाडाइन. चार कार्बनची कडी, दोन डबल बॉण्ड. कागदावर बेंझीनचा धाकटा भाऊ वाटतो पण चार इलेक्ट्रॉन पडल्यामुळे हकेलच्या ४न+२ मध्ये (सपाट कडीत २, ६, १० असे पाय इलेक्ट्रॉन असतील तर ती खास स्थिर, हा नियम) बसत नाही. तो चौरस नसून आयत असतो, दोन बाजू लांब दोन आखूड, आणि एका आयतातून दुसऱ्या आयतात तो खरंच जातो. तिथे समतोलाचे बाण काढायचे. इतका अस्थिर की गोठवलेल्या आर्गॉनमध्ये अडकवून बघावा लागला.

---

रंगारी

उशिरा आलो. मी डाय इंटरमीडिएटमधला (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांतला) माणूस, एमआयडीसीत बावीस वर्षं. धाग्यावर सगळे बेंझीन बेंझीन करताय, पण रेझोनन्स बघायचा असेल तर स्वयंपाकघरात जा. मनवाच्या आई, पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडलाय आणि तुम्ही साबणाची वडी घासली की काय होतं?

---

मनवाची_आई

लालभडक होतो! दर लग्नसराईत. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं साबणातच काहीतरी आहे, वडी दुकानदाराला परत द्यायला निघाल्या होत्या.

---

रंगारी

तर हळदीतला रंग म्हणजे करक्युमिन. दोन टोकांना फिनॉलच्या (ओएच लावलेल्या बेंझीनच्या) दोन कड्या आणि मध्ये सात कार्बनची साखळी, त्यात डबल-सिंगल-डबल असे बॉण्ड आलटूनपालटून. इलेक्ट्रॉन या सगळ्या लांबीवर पसरलेले. जितकी पसरायला जागा जास्त, तितकी त्यांना वरच्या पायरीवर उडी मारायला ऊर्जा कमी लागते. एकट्या बेंझीनला ती अतिनील प्रकाशातून घ्यावी लागते म्हणून ते पाण्यासारखं दिसतं. करक्युमिन निळा-जांभळा प्रकाश खातं म्हणून आपल्याला पिवळं दिसतं. साबणात अल्कली असते, ती फिनॉलचा हायड्रोजन काढून घेते, ऑक्सिजनवर मायनस चार्ज येतो आणि तो साखळीत पसरतो, पायरी अजून खाली येते, शोषला जाणारा प्रकाश हिरव्याकडे सरकतो आणि डाग लाल. त्यावर लिंबू पिळा, परत पिवळा. आणि उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो कारण उन्हाने ती साखळीच तुटते, मग पसरायला जागाच उरत नाही. आपल्या आज्यांना साखळी माहीत नव्हती पण ऊन माहीत होतं.

अवांतर: हळदीचं कुंकू करताना टाकणखार घालतात, तिथे लाल रंग बोरॉनमुळे येतो, ती वेगळी भानगड, पण रेणू हाच.

आता माझी फजिती. नवीन लागलो तेव्हा पॅरानायट्रोफिनॉलच्या बॅचवर होतो, पॅरासिटामॉलसाठी लागतं ते. आम्लात असताना ते जवळजवळ रंगहीन, फिक्कट. सॅम्पल घेताना थोडं हातमोज्यातून आत गेलं, मला काही दिसलं नाही, आणि मी जाऊन साबणाने हात धुतले. बेसिन, नळ, मनगट, शर्टाची बाही, सगळं पिवळंधम्मक. शिफ्टचे सीनियर म्हणाले, काय रे, हळद लागली का, मुलगी कुठली? त्या दिवशी नायट्रो गट चार्ज कसा ओढतो ते जन्मभरासाठी कळलं. (हातमोजे नीट घाला, ते शोषलं गेलं तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही.)

---

केमिस्ट्री_किडा

रंगारीकाका पण साबण लावल्यावर हायड्रोजन निघून जातो म्हणजे अणू हलला. मग हे रेझोनन्स कसं?

---

रंगारी

शाब्बास, पकडलंस. हायड्रोजन निघणं ही आम्ल-अल्कलीची रिअ‍ॅक्शन, ती रेझोनन्स नव्हे. निघून गेल्यावर जो आयन उरतो त्यात चार्ज एका ऑक्सिजनवर न बसता पसरतो, तो रेझोनन्स. माझ्या लिहिण्यात दोन्हींची भेळ झाली.

---

खडूफळा

रंगारींच्या पॅरानायट्रोफिनॉलला आकडे जोडतो, नीटवाल्यांना उपयोगी पडतील. साध्या फिनॉलचं पीकेए (आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त तीव्र) १०. पॅरा जागेवर (कडीत बरोबर समोर) नायट्रो लावला की ७.१५. मेटावर (मध्ये एक कार्बन सोडून) लावला तर ८.४. गट तोच, कडी तीच, फक्त एक घर सरकलं. कारण कागदावर बाण काढून बघा, ऑक्सिजनवरचा मायनस चार्ज कडीतल्या ऑर्थो आणि पॅरा कार्बनवर पोचतो, मेटावर पोचतच नाही. मेटावरचा नायट्रो दाराबाहेरून ओढतो तेवढीच मदत.

आणि बाण काढताना मुलं हमखास जिथे चुकतात ते सांगतो. अ‍ॅसिटेट आयन घ्या. एका ऑक्सिजनला डबल बॉण्ड, दुसऱ्यावर मायनस. पहिला बाण मायनसवाल्या ऑक्सिजनच्या लोन पेअरपासून (बॉण्डमध्ये न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून) सुरू होतो आणि त्या ऑक्सिजन-कार्बनच्या मध्ये येतो. इथे थांबलात तर कार्बनला पाच हात झाले! माझ्या वर्गातल्या निम्म्या वह्यांत पाच हातांचा कार्बन असायचा. म्हणून त्याच दमात दुसरा बाण, जुन्या डबल बॉण्डमधून निघून पलीकडच्या ऑक्सिजनवर. बाणाची शेपटी नेहमी इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथे, प्लसपासून बाण कधीही निघत नाही, तिथे न्यायला काही नसतंच. फॉर्मिक आम्लात दोन सी-ओ बॉण्ड १.२० आणि १.३४ असे उघड वेगळे असतात, हायड्रोजन काढून फॉर्मेट केलं की दोन्ही साधारण १.२७. वहीतल्या बाणांना मोजपट्टीने दिलेला हा दुजोरा.

अ‍ॅसिटिक आम्लाचं पीकेए ४.७६ आणि इथेनॉलचं १६ च्या जवळ, यात रेझोनन्सचा मोठा वाटा आहे, पण सगळं श्रेय त्यालाच देऊ नका, कार्बोनिलची (कार्बन-ऑक्सिजन डबल बॉण्डवाल्या गटाची) स्वतःची ओढही असते. पेपरात मात्र रेझोनन्स लिहा, मार्क तिथे आहेत.

---

जर्सीकर

चार्ज नसलेलं एक उदाहरण माझ्याकडून, कारण हे मी रोज लॅबमध्ये बघतो. डीएमएफ नावाचा सॉल्व्हंट. नायट्रोजनवर दोन मेथिल, दिसायला जुळे. कार्बन-नायट्रोजन सिंगल बॉण्ड असेल तर तो गरागरा फिरायला हवा आणि दोन्ही मेथिल एकच पीक द्यायला हवेत. पण नेहमीच्या तापमानाला दोन पीक येतात, कारण नायट्रोजनची जोडी कार्बोनिलकडे झुकलेली असते, बॉण्ड अर्धवट डबल, फिरता फिरत नाही. नळी शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापवली की दोन पीक हळूहळू एकमेकांत मिसळतात. इथे खरोखर मेथिल जागा बदलतात बरं का, तो पंखा खरा आहे, पण तो फिरण्याचा आहे, रेझोनन्सचा नाही. रेझोनन्स त्याला अडवतोय.

कार्बोनिलशेजारचा हा कार्बन-नायट्रोजन बॉण्ड म्हणजे अमाइड बॉण्ड, हाच प्रोटीनमध्ये असतो. १९४८ साली पाउलिंग ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडला होता, कंटाळून कागदावर प्रोटीनची साखळी काढून घड्या घालत बसला, अमाइडचा भाग मात्र सपाटच ठेवायचा अशी अट स्वतःला घालून. त्यातून अल्फा हेलिक्स (साखळीचा मळसूत्री आकार) निघालं, १९५१ साली छापलं. केंब्रिजच्या ब्रॅग आणि मंडळींनी त्याच्या आधी वर्षभर प्रयत्न केला होता, पण त्यांनी अमाइड सपाट धरला नाही आणि गाडी चुकली. आपल्या मद्रासच्या जी. एन. रामचंद्रनचा १९६३ चा, प्रोटीनच्या साखळीतले कोन दाखवणारा आलेखसुद्धा याच पायावर उभा आहे, साखळीतला तिसरा कोन रेझोनन्सने बांधून ठेवलाय म्हणून तर उरलेल्या दोन कोनांचा आलेख एका कागदावर मावतो.

---

अर्धवटराव

बरं. हरलो. काल्पनिक चित्रांना माझं तात्पुरतं अनुमोदन.

---

मनवाची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. रविवारी आमच्याकडे जुन्या पंचाच्या तुकड्यावर हळद, साबण, लिंबू, परत साबण असा कार्यक्रम झाला, ओट्याचा एक कोपरा अजून गुलाबी आहे. फॅन बंद करून "बघ थांबला" असं म्हणून झालं.

आता नवीन. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या दाखवून विचारते, नॅप्थलीन म्हणजे दोन बेंझीन चिकटलेले, मग तिथे पण सगळे बॉण्ड सारखेच का?

---

खडूफळा

आधी पाकीट वाचा, हल्ली बऱ्याच गोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात.

आणि नाही, सारखे नसतात. तिला सांगा उत्तर वाचू नको, नॅप्थलीनची जमतील तेवढी चित्रं काढ आणि प्रत्येक बॉण्ड किती चित्रांत डबल येतो ते मोज.

---

मनवाची_आई

तीन चित्रं आली. एक-दोन (म्हणजे एक आणि दोन नंबरच्या कार्बनमधला) हा बॉण्ड तीनपैकी दोनदा डबल, दोन-तीन हा एकदाच. म्हणून ती म्हणते एक-दोन आखूड असणार.

---

जर्सीकर

बरोबर! मोजलेलं: एक-दोन साधारण १.३७, दोन-तीन १.४१ च्या वर.

आता तिला फिनँथ्रीन द्या. तीन कड्या, कोपऱ्यात वळलेल्या. नऊ-दहा नंबरचा बॉण्ड मोजायला सांगा.

---

मनवाची_आई

जेवण गार झालं. पाच चित्रं, नऊ-दहा त्यातल्या चारांत डबल. विचारतेय, मग तिथे ब्रोमीन घातलं तर साध्या डबल बॉण्डसारखं लागेल का?

---

खडूफळा

लागतं. अगदी तिथेच, नऊ-दहावर. तिला आता जेवायला वाढा.